सेंट अँड्र्यूज गोल्फ ट्रिप – मदत हवी आहे

मंडळी, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला कोणी गोल्फ खेळून आलंय का? सप्टेंबरमध्ये आईबाबांना घेऊन जायचंय. बाबांना तिथल्या ओल्ड कोर्स या जुन्या गोल्फ मैदानावर एकदा तरी खेळायचंच आहे, १८व्या होलवरच्या त्या स्विल्कन ब्रिजवर उभं राहून फोटो काढायचा असं ते कधीपासून म्हणतायत आणि मला ते काहीही करून जमवायचंय.

अडचण बॅलटची, म्हणजे सोडतीची आहे. आधीपासून टी टाइम (खेळ सुरू करायची वेळ) बुक नसेल तर दोन दिवस आधी नाव टाकायचं, त्यात किमान दोघं खेळाडू लागतात आणि नंबर लागेलच असं नाही, मी तर खेळत नाही, मग बाबांना जोडीदार कुठून आणू? एकट्या माणसासाठी वेगळा ड्रॉ असतो म्हणे, तो कोणी ट्राय केलाय का? हँडिकॅप सर्टिफिकेट (खेळाची पातळी दाखवणारं) आहे बाबांकडे. रविवारी ओल्ड कोर्स खेळायला बंद असतो, तेव्हा सगळ्यांना त्यावर फिरता येतं, सो आईसाठी तो दिवस ठेवलाय, शिवाय कॅथेड्रलचे अवशेष, समुद्राकाठचा पडका किल्ला आणि वेस्ट सँड्सचा बीच तिला आवडेलच.

नंबर नाही लागला तर तिथलाच न्यू कोर्स घ्यावा की ज्युबिली कोर्स? नाव न्यू असलं तरी तो १८९५चा आहे, मला तोच बरा वाटतोय. बाबांचे गुडघे दुखतात, बॅग उचलायला कॅडी आधी बुक करावा लागतो का? आणि ट्रेन जवळच्या ल्यूकर्स स्टेशनपर्यंतच जाते, तिथून गोल्फ बॅगा घेऊन बसमध्ये चढू देतात की टॅक्सीच करावी? प्लीज सांगा.