‘अलोन’: जिगर की नुसती उपासमार?

धरमपेठकर
‘अलोन’चे तीन-चार हंगाम पाहून झाले आणि आता भांडायची खुमखुमी आली आहे. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: अमेरिकेतल्या हिस्ट्री वाहिनीचा २०१५ पासूनचा कार्यक्रम. दहा जणांना जंगलात एकमेकांपासून लांब सोडतात. ठरलेल्या यादीतून प्रत्येकानं दहा वस्तू निवडायच्या. चित्रीकरणाला माणसं नाहीत, कॅमेरे आपले आपणच लावायचे. जवळ उपग्रह फोन असतो; सहन होईना की फोन करायचा, न्यायला येतात. बाकीचे किती उरलेत हे कोणालाच कळत नाही. शेवटी राहील त्याला ५ लाख डॉलर.

लोक याला मनोबलाची कसोटी म्हणतात. मला ती उपासाची शर्यत वाटते. तिसऱ्या हंगामात, दक्षिण अमेरिकेतल्या पॅटागोनियात, कार्ली फेअरचाइल्ड ८६व्या दिवशी बाहेर पडली. तिनं फोन केला नव्हता. तिचा बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) १७ च्या खाली गेला म्हणून डॉक्टरांनीच तिला काढलं, आणि झॅकरी फाउलर ८७ दिवसांवर जिंकला. हे माहीत असल्यामुळे बरेच स्पर्धक आधी मुद्दाम वजन वाढवून येतात. म्हणजे अंगावर चरबी घेऊन येणारा जास्त ‘कणखर’!

आता विषय इथे का काढला? आमच्या वस्तीतली कॉलेजची पोरं नागपूरजवळच्या पारशिवनीकडच्या जंगलात ‘आपलं अलोन’ करायचं म्हणतायत. व्हिडिओ टाकणार आहेत म्हणे.

रानवाटा
धरमपेठकर, अर्धंच सांगितलंत. पहिल्या हंगामात, कॅनडातल्या व्हँकुव्हर बेटावर, पहिला गडी दुसरा दिवस मावळायच्या आत परतला. अस्वलं होती आसपास. त्याच्या पोटात तेव्हा घरचंच अन्न असणार! जवळजवळ प्रत्येक हंगामात असे निघतात: निवारा उभा आहे, मासे मिळतायत, आणि एक दिवस माणूस कॅमेऱ्यासमोर बसून बायकोमुलांबद्दल बोलायला लागतो. पुढे काय होणार ते आपल्याला कळतं.

‘बिग बॉस’मध्ये माणसं कोंडून भांडणं उभी करतात. इथे भांडायलाही कोणी नाही. खोटं बोलायचं तर कोणाशी? म्हणूनच मला हा सगळ्यात प्रामाणिक रिॲलिटी शो वाटतो.

कूलरची_ताटी
मे महिन्यात आमच्या मानेवाड्यात लाईट गेली की मी बी अलोनच असतो न भाऊ. ४५ डिग्री, कूलर बंद, बायको माहेरी. ५ लाख डॉलर सोडा, एक प्लेट तर्री पोहा बी कोणी देत नाही.

धरमपेठकर
@रानवाटा, त्या कॅमेऱ्यासमोर खचण्याचंच बोलू. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञांनी ३६ तरुणांवर उपासमारीचा प्रयोग केला होता. सगळे स्वखुशीनं आलेले. सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवलं. ती पोरं एकत्र राहत होती, बोलायला माणसं होती. तरी चिडचिडी झाली, खचली, एकमेकांना टाळायला लागली. डोक्यात चोवीस तास जेवण. तुम्हाला पडद्यावर जो एकटेपणा दिसतो त्यातला बराचसा भुकेचा आहे, असं माझं म्हणणं.

आणि जिंकणारे बघा. सहाव्या हंगामात जॉर्डन जोनासनं कॅनडातल्या ग्रेट स्लेव्ह सरोवराकाठी मूस (घोड्याएवढं मोठं हरीण) मारला, ७७ दिवस टिकला. सातव्यात १०० दिवस काढले तर १० लाख डॉलर होते. रोलंड वेल्करनं मस्क ऑक्स (तिकडचा केसाळ रानबैल) मारला आणि १०० दिवस काढले. पोट भरलं की मन आपोआप खंबीर होतं.

रानवाटा
मूस मारला म्हणजे सुटला असं नाही हो. नुसत्या कोरड्या मांसावर माणूस जगत नाही, चरबी लागते. जोनासची साठवलेली चरबी वुल्व्हरीन नावाच्या छोट्या पण हिंस्र जनावरानं पळवली, शेवटी त्यानं कुऱ्हाड घेऊन त्या जनावरालाच संपवलं. तो शांतपणा मूसच्या मांसातून आला का?

आणि अस्वलाला घाबरून गेलेल्याचं उत्तर तुम्ही दिलंच नाही. पहिल्या आठवड्यात परतणारे कीज यांच्या प्रयोगात बसत नाहीत.

धरमपेठकर
पहिल्या आठवड्याचं मान्य. पण पहिल्या आठवड्यात स्पर्धा जिंकत नाहीत.

ॲड_सिव्हिललाइन्स
दोघेही ज्या गोष्टीला ओझरता हात लावून पुढे गेलात ती म्हणजे फोन. आपल्या जुन्या भारतीय दंड संहितेत कलम ७३ आणि ७४ एकांतवासाबद्दल होती. न्याय संहितेतही त्या तरतुदी आल्या आहेत. सक्तमजुरीच्या कैद्यालासुद्धा न्यायालयानं एकांतवास दिला तर तो एका वेळी १४ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. कैद्यांना कसं वागवावं याच्या संयुक्त राष्ट्रांच्या मंडेला नियमांत सलग १५ दिवसांपलीकडचा एकांत निषिद्ध आहे. माणूस त्यानं मोडतो हे कायद्याला कळलेलं आहे. आणि इथे लोक ७०-८० दिवस एकटे राहून हसत घरी जातात, कसे? काही मोडतात, पण पुष्कळ मोडत नाहीत. कारण फोन आहे, म्हणजे दार आतून उघडतं. कोठडी आणि हे रान, दोन्हीकडे माणूस एकटाच. फरक फक्त त्या दाराचा. त्यामुळे ‘एकांत सहन केला’ हे कौतुक मी जरा कमीच करते.

रानवाटा
ताई, उलट मी म्हणेन की दार उघडं असतं म्हणूनच कठीण. कैद्याला निर्णय घ्यायचा नसतो. याला रोज सकाळी घ्यावा लागतो.

ॲड_सिव्हिललाइन्स
हे वाक्य तुरुंगातल्या अंडा सेलमध्ये (एकांत कोठडीत) राहून आलेल्या माणसासमोर म्हणून बघा, भाऊ.

पवनीची_लेक
माझं माहेर भंडाऱ्याकडचं. आमच्याकडे मोहफुलांच्या दिवसांत बाया ती वेचायला पहाटे निघतात, पण एकटी कोणी जात नाही. चार-पाच जणी मिळून, आणि झाडाखाली वेचताना मधूनमधून एकमेकींना आवाज द्यायचा. खाली वाकून वेचणारी बाई वाघाला जनावरासारखी दिसते, हे घराघरात माहीत आहे. चंद्रपुरात मोह नाहीतर तेंदूपत्ता तोडायला गेलेली माणसं वाघानं मारल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

म्हणून मला तो कार्यक्रम पाहताना पहिल्यापासून एकच वाटत राहिलं: जंगलात राहणारा माणूस असं कधी करतच नाही. एकट्यानं रान जिंकायचं हे शहराचं खूळ. त्यांनीच चौथ्या हंगामात जोड्या नेल्या होत्या, दोघं भाऊ ७५ दिवसांवर जिंकले. तो हंगाम मला सगळ्यात पटला. एकानं माघार घेतली की दोघंही बाद असा नियम होता. घरात, शेतात असंच असतं.

बाकी भुकेचं म्हणाल तर अर्धपोटी राहायला आमच्या गावात कोणाला कॅनडात जावं लागलं नाही.

धरमपेठकर
ताई, हे माझ्याच बाजूचं झालं ना?

पवनीची_लेक
नाही दादा. तुम्ही म्हणता भूक मोडते. मी म्हणते सोबत असली की भूक काढता येते. नसली की नाही. तुमचे ते ३६ जण सोबत राहायचे, पण एकमेकांची माणसं थोडीच होती!

कूलरची_ताटी
आता खरं बोलून राहिल्या ताई. आमच्याकडे लग्नात पंगत लेट झाली की भूक सगळ्याहिलेच लागते, पण पूर्ण मांडव मिळून आचाऱ्याला शिव्या देतो, मस्त टाइमपास होते.

मचाणावरून
तात्त्विक चालू द्या, पण पारशिवनीच्या पोरांचं आधी बोला. तिकडचं जंगल म्हणजे पेंच व्याघ्र प्रकल्प. विनापरवानगी आत रात्र काढणं हाच गुन्हा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद, साधा ससाही धरता येत नाही. तिथल्या तोतलाडोह धरणात मासेमारीलाही बंदी. मग ही पोरं खाणार काय? बॅगेतले चिवड्याचे पुडे? ज्या कार्यक्रमाची नक्कल करायची त्याचा अर्धा भाग शिकार-मासेमारीच आहे. आणि तिथे डॉक्टर अधूनमधून तपासून जातात, बोलावलं की माणसं येतात. इकडे कोण येईल, आणि मोबाईलला रेंज तरी कुठे?

रात्री जंगलात बसायची हौस असेल तर बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या मचाणासाठी नाव नोंदवा. वनखात्याचं माणूस सोबत असतं, आणि रात्रभर नुसतं गप्प बसणं काय असतं ते कळतं. मी बसलो आहे. दोन वाजेनंतर पाणी प्यायला आलेलं रानडुक्करही वाघ वाटतं.

रानवाटा
पेंचबद्दल पूर्ण सहमत. कार्यक्रमाची बाजू घेतो म्हणून पोरांच्या बेताची घेत नाही.

धरमपेठकर
मग एक विचारतो, प्रामाणिक उत्तर द्या. तुमच्या मुलाला कायदेशीर संधी मिळाली, कॅनडात, डॉक्टर-फोन सगळं घेऊन. पाठवाल?

रानवाटा
पाठवीन. आधी वर्षभर गावी ठेवीन, चूल पेटवायला आणि गळ टाकायला शिकू दे.

पवनीची_लेक
आणि त्याच्या आईला विचारलंत?

रानवाटा
ती म्हणते फोन माझ्याकडे ठेवा.