लिनक्स मिंट: राउटर शेजारी असूनही वायफाय रखडतं (आरटीएल८७२३बीई कार्ड)

भरतीओहोटी (प्रश्न)

लॅपटॉप २०१५च्या सुमाराचा. लिनक्स मिंट २१.३, कर्नल (लिनक्सचा गाभा) ५.१५. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेच्या यादीत वायफाय कार्ड आरटीएल८७२३बीई दिसतं. घरचं फायबर १०० एमबीपीएसचं आहे. राउटरपासून दोन मीटरवर लॅपटॉपला जेमतेम ३-४ एमबीपीएस मिळतात. त्याच टेबलावर फोनला २.४ गिगाहर्ट्झवरच ४०च्या आसपास. केबल लावली की लॅपटॉपलाही ९४ मिळतात. शेजारच्या खोलीत गेलं की वायफाय तुटतंच.

पॉवर सेव्हिंग बंद केलं, डीएनएस बदलला, आयपीव्ही६ बंद केलं. काही फरक नाही. एका जुन्या लेखात ‘११एन_डिसेबल=१’ लिहायला सांगितलंय. ते करू का, की सरळ यूएसबी डोंगल घेऊ?

तारायंत्री

ती ओळ लिहू नका. तो पर्याय ‘आयडब्ल्यूएलवायफाय’ या दुसऱ्याच ड्रायव्हरचा आहे, तुमचा ड्रायव्हर त्याकडे बघणारही नाही. ज्यांच्याकडे तो ड्रायव्हर आहे त्यांनीही १ लिहिण्याआधी विचार करावा: त्याने ८०२.११एन (वायफायची वेगवान पिढी) पूर्ण बंद होतं आणि लिंक ५४ एमबीपीएसच्या वर जाऊच शकत नाही, हातात निम्म्याहून कमी येतं.

डीएनएस आणि आयपीव्ही६ही बाजूला ठेवा. त्यांची गडबड असेल तर पान उघडायला सुरुवात उशिरा होते, पण एकदा सुरू झालेलं डाउनलोड रखडत नाही. केबलवर ९४ मिळतात म्हणजे ब्रॉडबँडही ठीक आहे. दोष लॅपटॉप आणि राउटर यांच्यामधल्या हवेतल्या टप्प्यात आहे. तो मोजा.

(आज्ञा उच्चाराप्रमाणे लिहितो. टर्मिनलमध्ये इंग्रजी लहान अक्षरांत टाका.)

‘आयडब्ल्यू डेव्ह’ने इंटरफेसचं नाव कळेल. मग ‘आयडब्ल्यू डेव्ह <नाव> लिंक’ चालवा आणि ‘सिग्नल’ व ‘टीएक्स बिटरेट’ या दोन ओळी इथे द्या. सोबत ‘एनएमसीएलआय डेव्ह वायफाय’ चालवून शेजाऱ्यांची किती नेटवर्क दिसतात तेही सांगा.

भरतीओहोटी

सिग्नल -७६ डीबीएम, बिटरेट ६.५ एमबीपीएस, एमसीएस ० (वेगाची सर्वांत खालची पायरी). यादीत फक्त आमचंच नेटवर्क आहे. फोनवर दहा-बारा दिसतात.

तारायंत्री

मग निदान झालं. दोन मीटरवर -४०च्या आसपास सिग्नल हवा (आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार). -७६ म्हणजे तीन हजार पटींहून कमी शक्ती. इतका फरक सेटिंगने पडत नाही. कार्ड ज्या जोडणीवर ऐकतंय तिथे अँटेनाच नाही.

या कार्डाला अँटेनाच्या दोन जागा असतात. खर्च वाचवायला काही लॅपटॉपांत एकच अँटेना बसवलेली असते, आणि ती कोणत्या जागी आहे याची नोंद कार्डाच्या ईफ्यूज स्मृतीत (कारखान्यात लिहिलेल्या कायमच्या स्मृतीत) असते. ती नोंद चुकीची असली की ड्रायव्हर रिकाम्या जागेवर कान लावून बसतो. राउटर अगदी जवळ असेल तर थोडंफार ऐकू येतं, म्हणून कनेक्शन होतं आणि लोक पॉवर सेव्हिंगच्या मागे लागतात.

उपाय ‘अँट_सेल’ हा पर्याय (अँट म्हणजे अँटेनाची पहिली तीन अक्षरं, सेल म्हणजे सिलेक्टची). आधी तात्पुरतं करून बघा:

सुडो मॉडप्रोब -आर आरटीएल८७२३बीई
सुडो मॉडप्रोब आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२

दहा-पंधरा सेकंद थांबून पुन्हा ‘लिंक’ बघा. सुधारलं नाही तर हेच अँट_सेल=१ने करा. ० म्हणजे ‘ईफ्यूज सांगेल तसं’, म्हणजे सध्याचीच अवस्था.

ज्या आकड्याने सिग्नल वाढेल तो कायम करायला /ईटीसी/मॉडप्रोब.डी/ मध्ये आरटीएल८७२३बीई.कॉन्फ नावाची फाइल करा. तिच्यात एकच ओळ:

ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई अँट_सेल=२

शेवटी रीस्टार्ट.

खटपट्या

एक पुरवणी. जुन्या लेखांत याच कार्डासाठी बाहेरून ड्रायव्हरचा कोड उतरवून संकलित करायला सांगतात. आता गरज नाही, अँट_सेल कर्नलच्या मूळ ड्रायव्हरमध्येच आहे. ‘मॉडइन्फो आरटीएल८७२३बीई’ चालवलं की पर्यायांत दिसेल. बाहेरचं मॉड्यूल नुसतं संकलित केलेलं असेल तर कर्नल अद्ययावत झाल्यावर ते पुन्हा करावं लागतं, आणि सिक्युअर बूट चालू असेल तर स्वाक्षरीअभावी ते लोडही होत नाही. कॉन्फ फाइल मात्र कर्नल बदलला तरी तशीच लागू राहते.

पॉवर सेव्हिंगबद्दलही सांगतो, कारण त्याचं लक्षण वेगळं असतं. राउटरला पिंग करा. सिग्नल चांगला असूनही वेळ २-३ मिलिसेकंदांवरून मध्येच १००-२००वर उड्या मारत असेल, तर ते पॉवर सेव्हिंग. कार्ड झोपलेलं असताना राउटर पॅकेट धरून ठेवतो आणि पुढच्या बीकनला (राउटर ठरावीक वेळाने पाठवतो त्या संदेशात) कळवतो. बीकन साधारण दर १०२.४ मिलिसेकंदांनी येतो. ते बंद करायचं तर /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी/ मधल्या डीफॉल्ट-वायफाय-पॉवरसेव्ह-ऑन.कॉन्फ फाइलमध्ये वायफाय.पॉवरसेव्हचा आकडा ३चा २ करायचा. २ म्हणजे बंद. बरेच जण ० लिहितात आणि बंद झालं समजतात.

भरतीओहोटी

अँट_सेल=२ने सिग्नल -४१, बिटरेट ७२.२. डाउनलोड ३८-४०. शेजारच्या खोलीतही टिकतं. मनापासून आभार! आता एकच उरलं: ब्लूटूथ हेडफोन लावले की वेग १०-१२वर येतो.

खटपट्या

७२.२ ही २० मेगाहर्ट्झच्या चॅनेलवर एका अँटेनाची कमाल आहे. त्यातले ४० हाती येणं म्हणजे उत्तम.

ब्लूटूथ त्याच चिपवर, त्याच अँटेनावर आणि त्याच २.४ गिगाहर्ट्झमध्ये चालतं, त्यामुळे वेळ वाटून घ्यावा लागतो. राउटरवर चॅनेल ‘ऑटो’ न ठेवता १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत मोकळा निवडा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. इमारतीत दहा-बारा नेटवर्क असताना ४०ची रुंदी घेतली तर शेजाऱ्यांशी टक्कर वाढते. सुरक्षा डब्ल्यूपीए२ आणि एईएस हवी. टीकेआयपी या जुन्या पद्धतीवर ८०२.११एनचे वेग मिळत नाहीत, लिंक ५४वर अडकते. यूएसबी ३.०ची हार्ड डिस्क लॅपटॉपला लावत असाल तर तिची केबलही २.४मध्ये गोंगाट करते, ती लांबच्या पोर्टात घाला. एवढं करून थोडा फरक पडेल, पण वाटणी संपणार नाही.

तारायंत्री

वाटणी संपवायची तर ५ गिगाहर्ट्झवर जावं लागेल, आणि हे कार्ड ५ गिगाहर्ट्झ पकडतच नाही. डोंगलपेक्षा आतलं कार्ड बदलणं मला बरं वाटतं, पण आधी मागचं झाकण उघडून तीन गोष्टी बघा.

कार्डाचा आकार: एम.२ (२२ बाय ३० मिलिमीटर) की जुनं अर्धं मिनी पीसीआयई. दोन्हींची अँटेना-टोकं वेगळ्या मापाची असतात. एम.२वरची बारीक असतात, एकाची वायर दुसऱ्यावर बसत नाही. ती दाबून बसवायला गेलात तर कार्डावरचं टोक तुटतं.

कार्डाचा प्रकार: एम.२ असेल तर इंटेलचं एएक्स२०० किंवा एएक्स२१० घ्या. एएक्स२०१ आणि एएक्स२११ दिसायला तसेच असतात, पण ते सीएनव्हीआय प्रकारचे (ज्यांचं काही काम इंटेलच्या नव्या प्रोसेसर-चिपसेटमध्ये होतं), तुमच्या जुन्या बोर्डावर चालणार नाहीत. एएक्स२१०ला कर्नल ५.१० किंवा पुढचा लागतो, तो तुमच्याकडे आहे.

अँटेना: आत एकच वायर निघाली तर ती १ क्रमांकाच्या किंवा ‘मेन’ टोकाला लावा. एका अँटेनावरही ८० मेगाहर्ट्झच्या एसी (८०२.११एसी, म्हणजे एननंतरची पिढी) चॅनेलला ४३३ एमबीपीएसची लिंक मिळते, तुमच्या १००च्या कनेक्शनला ती पुरून उरते. राउटर ५ गिगाहर्ट्झ देतो का ते मात्र आधी तपासा.

आणि खरेदीपूर्वी तुमच्या मॉडेलच्या बायोसमध्ये मान्य कार्डांची यादी आहे का ते शोधा. काही जुन्या लॅपटॉपांत असते. यादीबाहेरचं कार्ड लावलं की मशीन सुरू होतानाच अडतं. तशी यादी निघाली तर डोंगल घ्या, फक्त त्याच्या चिपचा ड्रायव्हर कर्नल ५.१५मध्ये आहे याची खात्री करून.