ब्रेस्ट लिफ्ट (ओघळलेले स्तन वर उचलण्याची शस्त्रक्रिया): गोल छेद की उभा?

मीरा_के: दोन बाळंतपणं झाली, मग वजनही बरंच उतरलं. स्तनाग्रं स्तनाखालच्या घडीच्याही खाली गेलीत. सर्जन उभा छेद सुचवतात, म्हणजे स्तनमंडलाभोवती (स्तनाग्राभोवतीच्या गडद वर्तुळाभोवती) आणि तिथून सरळ खाली घडीकडे; मला मात्र नुसता मंडलाभोवतीचा गोल हवाय. व्रण लपतो ना?

अनघा: गोल छेद अगदी थोड्या ओघळीला पुरतो. त्यातून जास्त त्वचा काढली तर ताण सगळा त्या वर्तुळावर येतो. मंडल रुंदावतं, स्तन समोरून चपटा दिसतो. माझा उभाच केला. सुरुवातीला खाली घडीपाशी नाडी ओढलेल्या बटव्यासारख्या चुण्या होत्या, बघून धस्स झालं! काही महिन्यांत बसल्या. व्रण मात्र वर्षभर लालसर होता.

सई७: त्वचा फारच सैल असेल तर घडीतून आडवा छेदही घेतात, तोच उलटा टी. आणि लिफ्टने आकार वाढत नाही हं.

मीरा_के: स्तनाग्राची संवेदना जाते का?

अनघा: ते सहसा सुटं करत नाहीत, आतल्या ऊतींना जोडलेलं ठेवूनच वर सरकवतात. बधिरपणा येतो, बहुतेकींचा ओसरतो, क्वचित राहतोही. सिगारेट ओढत असाल तर आधीच सांगा, रक्तपुरवठ्याचा प्रश्न असतो.