पंधरा वर्षांची गाडी ठेवायची की काढायची? सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा

प्रसाद (ए-४०२): सगळ्यांना नमस्कार. सल्ला हवा होता. आमच्या गाडीला दोन महिन्यांत पंधरा वर्षं होतील, आरसीची मुदत संपतेय. पेट्रोल आहे, अजून एका सेल्फमध्ये चालू होते. घरात म्हणतात काढून टाक. ऑफिसातले म्हणतात ठेव, नव्या गाड्यांचा खर्च झेपत नाही. विलासकाका, तुम्ही गाडी आतून-बाहेरून बघितलीय, काय करू?

शेट्ये (सी-२०१): पंधरा वर्षं झाली की भंगारात द्यावी लागते ना आता?

मनीषा (सी-३०३): नाही हो काका, ते दिल्लीचं. आपल्याकडे खासगी गाडी फिटनेस पास झाली की पुढची पाच वर्षं आरसी वाढवून मिळते. फॉर्म २५, पीयूसी, चालू इन्शुरन्स आणि पर्यावरण कर. पूर्वी फी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. मुदत संपायच्या आधी साठ दिवसांत अर्ज करता येतो. उशीर केला तर महिन्याला ५०० रुपये जादा. प्रसाद, ठेवायची असेल तर आत्ताच वडाळ्याला आरटीओत जाऊन ये.

रोहित (ए-७०१): प्रसाददादा, ऑफिसातले खरं सांगतायत. माझी गाडी दोन वर्षांचीसुद्धा नाही. पार्किंगमधून काढताना खांबाला हेडलाइट घासला. वरची काच तडकली, दिवा चालू होता. सर्व्हिस सेंटरवाले म्हणाले एलईडी आहे, उघडत नाही, अख्खं युनिट बदलावं लागेल. बंपर धरून एस्टिमेट पन्नास हजारांच्या वर. बाबांच्या गाडीचा बल्ब दोन-तीनशे रुपयांत यायचा आणि मी तो घरीच बदलायचो.

नाडकर्णी (बी-१०१): हेच मी कधीपासून सांगतोय. आमची प्रीमिअर पद्मिनी गाडी आपल्या कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली. रस्त्यात बंद पडली तर बॉनेट उघडायचं, पॉलिश पेपरने पॉइंट घासायचे, कार्बोरेटरचा जेट काढून फुंकर मारायची, की गाडी चालू. पत्रा असा जाड की टॅक्सीवाल्यांनी वीस-वीस वर्षं दामटल्या. शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरात पासिंग झाली आणि २०२३ च्या ऑक्टोबरात वयाची अट आड आली म्हणून बंद झाली. नाहीतर अजून धावली असती. आजची कुठली गाडी वीस वर्षांनी अशी धावेल?

विलास (बी-५०४): नाडकर्णीसाहेब, तुमचं पद्मिनीवरचं प्रेम मला ठाऊक आहे आणि मीही हात त्याच गाड्यांवर बसवलाय. पण पूर्ण हिशोब मांडू. ती गाडी रस्त्यात चालू व्हायची हे खरं, पण ती रस्त्यात बंदही पडायची. मे महिन्यात सायनच्या ट्रॅफिकमध्ये पेट्रोल पंप तापायचा, त्यावर ओलं फडकं टाकून माणसं उभी असायची. दर तीन-चार हजार किलोमीटरला पॉइंट, प्लग, ग्रीसिंग. रिंगा-पिस्टन, बोअर, हेडचं काम हे सगळं गाडीच्या आयुष्यात ठरलेलंच. फ्लोअर तर खाऱ्या हवेने कुजून पायाखाली रस्ता दिसायचा. काळी-पिवळी वीस वर्षं धावली, कारण तिच्यामागे प्रत्येक नाक्यावर एक मेकॅनिक उभा होता आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडला तिचा प्रत्येक पार्ट मिळत होता.

आताच्या गाडीची सर्व्हिस दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला एकदा. लाखभर किलोमीटर इंजिन न उघडता जातं. कमी बिघडते, यात वाद नाही. पण बिघडली की बिल मोठं, कारण आता दुरुस्ती होत नाही, बदली होते. रोहितच्या हेडलाइटचं तेच झालं.

नाडकर्णी (बी-१०१): मग कंपन्यांनी हे मुद्दाम केलंय असंच ना?

विलास (बी-५०४): काही भाग मुद्दाम, काही नाइलाज. १९९५ च्या एप्रिलपासून मुंबईसकट चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, सक्तीचा झाला. तो नीट काम करायला हवा-पेट्रोलचं प्रमाण सतत १४.७ ला १ च्या आसपास राहावं लागतं. कार्बोरेटरला ते जमत नाही. म्हणून इंजेक्टर आले, ऑक्सिजन सेन्सर आला, आणि हे सगळं सांभाळणारा कॉम्प्युटर, ईसीयू, आला. २०२० च्या एप्रिलला बीएस-६ हा प्रदूषणाचा नियम आला तेव्हा डिझेलला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, लागला. कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं, तो स्वस्त कसा मिळेल? पण त्यामुळे आपल्या नाकात जाणारा धूर कमी झाला. सिग्नलला उभं राहिल्यावर डोळे चुरचुरायचे ते दिवस तुम्हालाही आठवत असतील.

हेडलाइट सीलबंद करणं, बिघाड वाचणाऱ्या स्कॅनरचं सॉफ्टवेअर बाहेर न देणं, पार्ट फक्त आपल्याच काउंटरवर विकणं, हे मात्र नाइलाजाने होत नाही.

मनीषा (सी-३०३): काकांचं बरोबर आहे, यावर निकालही आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटींचा दंड लावला होता. सुटे पार्ट आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना देत नाहीत म्हणून. प्रकरण पुढे अपिलात गेलं, पण आयोगाने तेव्हाच सांगितलं होतं की बाहेर काम केलं एवढ्यावरून सरसकट वॉरंटी रद्द अशी अट घालू नका. आजही काउंटरवरचा मुलगा ‘बाहेर हात लागला तर वॉरंटी गेली’ असं म्हणतो आणि लोक घाबरतात. डिसेंबर २०२२ मध्ये ग्राहक व्यवहार खात्याचं राइट टू रिपेअर पोर्टलही सुरू झालं. किती जणांनी उघडून बघितलंय?

रोहित (ए-७०१): मनीषाताई, माझ्या हेडलाइटचं इन्शुरन्समध्ये सगळं मिळालं नाही. बंपरचे निम्मेच दिले. असं का?

मनीषा (सी-३०३): झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं जादा कव्हर, घेतलं नव्हतंस. साध्या पॉलिसीत प्लॅस्टिक आणि रबराच्या पार्टवर सरळ ५० टक्के घसारा कापतात, गाडी नवी असली तरी. फायबरला ३० टक्के. काचेला काही नाही. पत्र्याला वयाप्रमाणे, पहिल्या सहा महिन्यांत शून्य, मग ५, १०, १५ असं वाढत दहा वर्षांनंतर ५० टक्के. आजच्या गाडीचा पुढचा भाग बघ, बंपर, ग्रिल, आतला सपोर्ट, सगळं प्लॅस्टिक. जिथे रोजचे ठोके बसतात तिथेच निम्मे पैसे खिशातून जातात. मुंबईत गाडी चालवायची तर पहिली पाच वर्षं झिरो डेप घ्याच. रोज क्लेम बघते म्हणून कळकळीने सांगतेय.

विलास (बी-५०४): आता चेक इंजिनच्या दिव्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त पैसे तिथे उगाच जातात. परवा भाच्याच्या गॅरेजवर एक गाडी आली. पेटलेला दिवा, पिकअप कमी. दुसरीकडे स्कॅन करून पी०१७१ कोड निघाला होता आणि त्यांनी ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितला होता. या कोडचा अर्थ एवढाच की इंजिनला पेट्रोलच्या मानाने हवा जास्त जातेय. सेन्सर तेच सांगत होता, म्हणजे तो काम करत होता! आम्ही इंजिन चालू ठेवून इनटेकच्या पाइपांवर हात फिरवला. एक व्हॅक्यूम पाइप टोकाला चिरला होता, त्यातून बारीक शिट्टी येत होती. टोक कापलं, पाइप परत बसवला, कोड पुसला. दिवा पुन्हा लागला नाही.

स्कॅनर तक्रार सांगतो, कारण माणसाला शोधावं लागतं. शोधायला वेळ लागतो, आणि पार्ट बदलणं सोपं जातं. म्हणून प्रत्येकाला सांगतो, कोडचा प्रिंट किंवा फोटो मागा, बदललेला जुना पार्ट परत मागा, बिलात पार्ट आणि मजुरी वेगळी लिहून घ्या. ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर हजार-बाराशेला मिळतो, स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट असतं तिथे लागतो. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना चालतो. निदान काय कोड आहे हे तुम्हाला आधी कळेल.

सचिव: मध्ये बोलतोय, माफ करा. बेसमेंटमध्ये उंदरांनी दोन गाड्यांच्या वायरी खाल्ल्याची तक्रार आली आहे. पेस्ट कंट्रोल रविवारी सकाळी. कचऱ्याच्या पिशव्या लिफ्टशेजारी ठेवू नयेत.

विलास (बी-५०४): याचाही संबंध आहेच. जुन्या गाडीत कुरतडलेली वायर सोलून, जोडून, टेप मारून मोकळं व्हायचो. आता कित्येकदा वायरिंगचा पूर्ण जुडगा, हार्नेस, बदलायला सांगतात. गाडी आठवडाभर हलवायची नसेल तरी अधूनमधून बॉनेट उघडून बघत जा.

शेट्ये (सी-२०१): माझी डिझेल बीएस-६ आहे. मीटरवर सारखा डीपीएफचा दिवा येतो. गाडी फक्त स्टेशन आणि भाजीपुरती निघते.

विलास (बी-५०४): म्हणूनच येतो, शेट्ये. त्यातली काजळी जळायला एक्झॉस्ट सहाशे डिग्रीच्या आसपास तापावा लागतो. चेंबूर स्टेशनपर्यंत जाऊन तो कधीच तापणार नाही. दिवा आला की ईस्टर्न फ्रीवेला पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालवा, गिअर थोडा खालचा ठेवून. दुर्लक्ष केलंत तर फिल्टर चोंदतो आणि मग खरोखर मोठा खर्च. एवढ्या कमी वापराला डिझेल घ्यायलाच नको होतं, पण विकताना हे कोणी सांगत नाही.

प्रसाद (ए-४०२): काका, मग माझ्या गाडीचं? ठेवतो असं धरून चाललोय.

विलास (बी-५०४): पैशांचा हिशोब विचारलास तर ठेव. इंजिन साधं आहे, पार्ट मिळतात, कुठलाही मेकॅनिक हात घालू शकतो. पुढच्या पाच वर्षांत क्लच, सस्पेन्शन, रेडिएटर असा खर्च येईल, तो नव्या गाडीच्या हप्त्यांपुढे किरकोळ आहे.

पण तू पोरांना घेऊन दर गणपतीला आणि मे महिन्यात चिपळूणला जातोस. तुझ्या गाडीत एअरबॅग नाही, चाकं लॉक होऊ न देणारं एबीएस नाही. हे मी तुला गेल्या वेळीच सांगायला हवं होतं असं मनात येतंय, म्हणून आज सगळ्यांसमोर लिहितो. घाटात पावसात ब्रेक दाबल्यावर चाकं लॉक झाली तर गाडी कुठे जाईल ते आपल्या हातात नसतं.

नाडकर्णी (बी-१०१): जाड पत्रा असला की माणूस वाचतो, एवढं तरी मान्य करा.

मनीषा (सी-३०३): काका, राग मानू नका, पण उलट आहे. धडकेचा जोर कुणीतरी सोसायला हवा. नव्या गाडीचा पुढचा भाग चुरगळतो आणि तो जोर खातो, माणसं बसतात तो पिंजरा शाबूत राहावा अशी रचना असते. जुन्या गाडीत पुढचं टिकतं आणि जोर थेट छातीवर येतो. तरी नुसतं ‘नवी’ म्हणून भागत नाही. २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या गाड्या धडकवून तपासणाऱ्या संस्थेने आपल्याकडच्या खपाच्या पाच छोट्या गाड्यांची बेसिक मॉडेलं धडकवून पाहिली, पाचही शून्य स्टार. त्यानंतर गोष्टी हलल्या. २०१९ च्या एप्रिलपासून एबीएस आणि १ जुलैपासून ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या नव्या गाड्यांना सक्तीची झाली, पुढे शेजारच्या सीटचीही एअरबॅग आली. भारत एनकॅप २०२३ पासून आहे, गाडी घेण्याआधी स्टार बघता येतात.

प्रसाद (ए-४०२): हे डोक्यातच नव्हतं. नवी कोरी झेपणार नाही. तीन-चार वर्षं जुनी, दोन एअरबॅगवाली पेट्रोल बघतो. काका, बघायला याल का?

विलास (बी-५०४): येणारच. सनरूफ, मोठी स्क्रीन असलं काही नको. साधं मॅन्युअल घे. आणि ज्या कंपनीचे पार्ट पुढची दहा वर्षं मिळतील तीच घे. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करायचं ठरवलं, तेव्हापासून त्यांच्या गाडीवाले काही पार्टसाठी चौकशा करत फिरताना मी बघतो. आपण आधी स्कॅन करू, मग इंजिन थंड असताना चालू करून बघू. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जाऊ.

नाडकर्णी (बी-१०१): पुरातली गाडी गळ्यात मारतील, जपून. २००५ च्या २६ जुलैनंतर सांताक्रूझ-कुर्ल्याकडच्या कितीतरी गाड्या धुऊनपुसून विकल्या गेल्या होत्या.

विलास (बी-५०४): लाख मोलाचं बोललात, साहेब. तुम्हीही चला आमच्यासोबत, तुमची नजर हवी. प्रसाद, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघायचा, आतल्या टोकाला गाळाची रेघ राहिलेली असते. स्टेपनीखालचा खड्डा, सीटच्या खालचे बोल्ट आणि कार्पेटच्या खालचा फोम हाताने चाचपायचा.

मनीषा (सी-३०३): आणि मालकाकडून चालू पॉलिसीची प्रत माग. चार वर्षांच्या गाडीवर नो क्लेम बोनस शून्य दिसला तर मागच्या वर्षी क्लेम झालेला असू शकतो, झाला असेल तर तो कशाचा ते त्याला सरळ विचार. पॉलिसी मिळाली की मला पाठव, मी वाचून सांगते. घेतल्यावर पावसाळ्याआधी पॉलिसीला इंजिन प्रोटेक्ट हे जादा कव्हर जोडून घे. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायला गेलं की इंजिनात पाणी ओढलं जातं, आणि तो खर्च साध्या पॉलिसीत बहुधा नाकारतात.

प्रसाद (ए-४०२): पाठवतो ताई. जुनीची आरसी आधी वाढवून घेऊ की तशीच विकू?

मनीषा (सी-३०३): वाढवून घे. मुदत संपलेली आरसी असली की घेणारा भाव पाडतो.