मदत हवी आहे: दोन अ‍ॅम्प जोडले की घूं सुरू होते आणि खर्ज गायब होतो

नमस्कार मंडळी,

चार दिवस एकाच ठिकाणी अडकलोय. दोन अ‍ॅम्पवर गिटार वाजवणारं कुणी असेल तर कृपया सविस्तर सांगा.

जोडणी अशी: स्ट्रॅट (इलेक्ट्रिक गिटार), मग पायाने चालवायची पेडल्स: ट्यूनर, ट्यूब स्क्रीमर (आवाज खरखरीत करणारं), मोनो कोरस (सूर हेलकावणारं) आणि शेवटी बॉसची डीडी-८ डिले (प्रतिध्वनी देणारी). तिचं ए आउटपुट फेंडर ब्लूज ज्युनियरला (१५ वॉट, ट्यूबचा) आणि बी आउटपुट समोरच्या भिंतीजवळच्या बॉस कटाना ५० ला.

हे वेड लागलं कॉलेजच्या प्रॅक्टिस रूममधल्या रोलँड जेसी-१२० मुळे. १९७५ साली बाजारात आलेलं मॉडेल, एकाच खोक्यात ६० वॉटचे दोन अ‍ॅम्प आणि १२ इंची दोन स्पीकर. कोरस लावला की एका स्पीकरमधून साधा सूर येतो, दुसऱ्यातून किंचित हेलकावणारा, आणि दोन्ही मिसळतात ते खोलीतल्या हवेत. तो फैलाव अजून कानात आहे. तो अ‍ॅम्प घेणं सध्या परवडणारं नाही, म्हणून घरातल्या दोघांवरच भागवायचंय.

पहिली अडचण घूंची. एकेकटे लावले तर दोन्ही अ‍ॅम्प शांत. दोन्ही जॅक खोचले की जाडसर घूंऽऽ. गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर नेला तरी तीच, गिटार घेऊन गोल फिरलो तरी तीच, म्हणजे पिकअपचा (गिटारमधला, तारांची कंपनं पकडणारा भाग) दोष नसावा. बी चा जॅक उपसला की त्या क्षणी थांबते.

दुसरी, दोन्ही अ‍ॅम्पच्या मध्ये उभं राहून जाडी ई तार छेडली की आवाज पोकळ येतो. एकटा ब्लूज ज्युनियर याहून भरदार वाजतो.

एका दुकानात विचारलं तर म्हणाले, एका अ‍ॅम्पच्या प्लगची मोठी, अर्थिंगची पिन काढून टाका. ते मी करणार नाही. गिटार हातात असताना माईकला ओठ लागून मित्राला बसलेला झटका मी डोळ्यांनी पाहिलाय. दुसरा मार्ग आहे का?

प्रतिसाद

पिन काढायची नाही, हे तुमचं अगदी बरोबर. अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन बॉडीत करंट उतरला तर तो जायची वाट तीच. ती तोडली की तो तारांमधून तुमच्या हातात येतो.

तुमची घूं ग्राउंड लूपची वाटते. दोन्ही अ‍ॅम्प अर्थिंगने जोडलेले, वर तुमच्या केबलच्या जाळीनेही (आतल्या तारेभोवतीचं धातूचं आवरण) जोडलेले. त्या वर्तुळात बारीक करंट फिरतो आणि तोच ऐकू येतो. आधी दोन्ही अ‍ॅम्प आणि पेडलचा अ‍ॅडॉप्टर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी उरली तर फक्त बी च्या वाटेत ट्रान्सफॉर्मरवाला आयसोलेटर (आवाजाचा सिग्नल जाऊ देतो, पण जाळीचा थेट जोड तोडतो) टाका. ए ला हात लावू नका, गिटारच्या तारांना अर्थिंग तिथूनच मिळू द्या.

खर्ज जातो तो फेज उलटी असल्यामुळे: एकाचा स्पीकर पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो. कोरस, डिले बंद करून अ‍ॅम्प शेजारी-शेजारी ठेवा, दोघांचा आवाज सारखा करा आणि ई तार वाजवा. एकट्यापेक्षा दोघे मिळून बारीक वाजले तर नक्की. आयसोलेटर घेताना फेज उलटवायचं बटण असलेलाच घ्या.

आणि भिंतीतलं अर्थिंग मोजलंत का? जुन्या इमारतींत तिसरं भोक नुसतंच असतं.

धागाकर्ता

मोजलं, आणि पोटात गोळा आला. ब्लूज ज्युनियरच्या प्लगवर फेज (करंटची वायर) ते अर्थ २३१ व्होल्ट. कटानाच्या प्लगवर काटा ८० च्या आसपास डुगडुगत होता. वायरमनने सॉकेट उघडलं तर हिरवी वायर आत गुंडाळून तशीच सोडलेली! म्हणजे कटानाला अर्थिंग मिळत होतं ते माझ्या गिटारच्या केबलमधून. ब्लूज ज्युनियरची पिन काढली असती तर दोन्ही अ‍ॅम्प आणि गिटार, कशालाच अर्थिंग उरलं नसतं.

वायर जोडून घेतली, सगळं एका बोर्डवर आणलं. घूं बरीच उतरली, पण रात्री शांततेत बारीक ऐकू येते. ई तारेची चाचणी तुम्ही म्हणालात तशीच निघाली, फेज उलटीच आहे. आयसोलेटर मागवलाय, आला की इथेच लिहितो. मनापासून आभार, दादा.