मदत हवी आहे: भांगलणीची गाणी, आणि बायकांची भलरी

नमस्कार मंडळी. आम्ही वाळवा तालुक्यातले. ८१ वर्षांच्या आज्जीची गाणी मोबाईलवर रेकॉर्ड करतेय. जात्यावरच्या ओव्यांची काळजी नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी लाखावर ओव्या जमवून ठेवल्यात, ताडून बघता येतं.

अडलंय ते रानातल्या गाण्यांपाशी. भांगलताना, म्हणजे खुरप्यानं तण काढताना, एकीनं गाणं उचलायचं, पातीवरच्या बाकीच्यांनी धरायचं. घरात खुर्चीवर बसवून विचारलं तर आज्जीला दुसरी ओळ आठवेना. काल हातात खुरपं दिलं, तर मनगट हलायला लागलं आणि अख्खं गाणं सलग आलं!

भलरी, म्हणजे कापणीच्या वेळचं गाणं, मात्र म्हणत नाही. "ती गड्यांची," म्हणते. अहो, पण कापणीला बायका काय कमी होत्या? पगार गड्याला जास्त, गाणंही त्याचंच? तासगाव, जत, खटाव, माण भागात कुणी आईला, आत्याला भलरी म्हणताना ऐकलंय का?

आणखी एक. सासू-दिरावरच्या ओळी आल्या की माझे वडील समोर असले तर ती गप्प होते. तिला न दुखावता त्या कशा काढून घ्याव्यात? ज्या बायकांनी घरात हे केलंय, त्यांनी जरूर सांगा. आवाज बारीक होत चाललाय तिचा.