मदत हवी आहे: हापूस फळमाशीला दाद देत नाही, की माझाच काही गैरसमज?

दोन आंबे शेजारी शेजारी आहेत, मध्ये जेमतेम बारा पावलं. एक हापूस, दुसरा नीलम. औषध कशावरच मारत नाही. तीन हंगाम झाले, हापूसमध्ये अळी क्वचित. नीलम मात्र कापायचीच धास्ती वाटते: वरून देखणा, आत गराचं पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या.

आणखी दोन झाडं लावायची आहेत. रोपवाटिकेत विचारलं, तर जी कलमं शिल्लक होती नेमक्या त्याच जातीला "कीड लागतच नाही" म्हणे!

थोडंफार वाचलंय. फिलोक्सेरा ही माव्यासारखी बारीक कीड मुळांतला रस शोषू लागली तेव्हा 19व्या शतकात युरोपातल्या द्राक्षवेली अमेरिकन खुंटांवर, म्हणजे कलमाखालच्या मुळांच्या रोपांवर, बांधल्या. सफरचंदाच्या नॉर्दर्न स्पाय जातीवर लोकरी मावा टिकत नाही, म्हणून तिच्या संकरातून एमएम 106 आणि एमएम 111 हे खुंट काढले. पण खुंट राखतो ती मुळं. फळमाशी फळावर बसते, तिथे त्याचा काय उपयोग? मग साल, चीक, वास यातलं नक्की काय बघून जात निवडायची?

प्रतिसाद:
थांबा. हापूस आधी तयार होतो, नीलम उशिरा, आणि तोवर माशीच्या पिढ्या वाढलेल्या असतात. याला माशी चुकवणं म्हणतात, प्रतिकार नव्हे. दुसरं, फळं उतरवता कधी? कैरीच्या सालीत चिकाच्या नळ्या असतात. अंडी घालायला माशीने साल टोचली की चीक तिथे आडवा येतो. फळ पिकू लागलं की हे कुंपण ढिलं पडतं.

धागाकर्ता:
अरेच्चा! हापूस मी हिरवाच उतरवून अढी लावतो. नीलम पाड लागेपर्यंत झाडावरच, कारण शेंड्याला झेला पोचत नाही. म्हणजे तीन वर्षं जातींच्या नावाखाली मी माझाच आळस मोजला की काय?

प्रतिसाद:
असेलही. यंदा नीलमची वीस फळं हिरवी उतरवा, वीस झाडावर पिकू द्या. टोचल्याच्या खुणा आणि अळ्या वेगवेगळ्या मोजा. खुणाच नसतील तर माशीला ते फळ नको आहे. खुणा आहेत पण अळ्या नाहीत, तर आत काहीतरी त्यांना जगू देत नाही. नावड, मारकता आणि सहनशीलता (कीड लागूनही झाड तग धरतं) अशी विभागणी कीटकशास्त्रज्ञ रेजिनाल्ड पेंटर यांनी 1951 साली मांडली, ती अजून कामी येते. मिथाइल युजेनॉलच्या (माशीला वासाने ओढणाऱ्या रसायनाच्या) सापळ्यावरून मात्र जात ठरवू नका, त्यात नरच येतात. गळलेली फळं रोज उचला, अळ्या त्यातून मातीत उतरून कोषात जातात.

धागाकर्ता:
बरं. पण सालीवर एरवीही ठिपके असतात, टोचल्याची खूण ओळखायची कशी?

प्रतिसाद:
ठिपक्याभोवती हलकेच दाबा. माशीने टोचलं असेल तर बहुधा रसाचा थेंब वर येतो.